एक जूनची लेकरं

मी लग्न केलं नाही, पण चारशेच्या वर लेकरांना जन्म दिला, आणि तोही सगळ्यांना एकाच तारखेला. एक जूनला. शाळेच्या कचेरीत एकतीस वर्षं क्लार्क म्हणून काढली, त्याची ही कमाई. पहिलीत नाव घालायला आलेल्या आईबापांना पोराची जन्मतारीख विचारली की निम्मे लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत. "पूल वाहून गेला ना, त्या वर्षी." "थोरलीच्या लग्नानंतर." "मामा वारले त्याच्या जरा आधी." आता जन्मतारखेच्या रकान्यात मामाचं वारणं कसं लिहिणार? एक जूनला सहा पूर्ण असली की पोराला पहिलीत घेता येई, म्हणून मी बिनदिक्कत एक जून ठोकून द्यायची. पोराची सोय, माझी सोय, हेडमास्तरांची सोय. निवृत्त झाले त्या दिवशी हेडमास्तर भाषणात म्हणाले की बाईंनी आयुष्यात एक रकाना रिकामा सोडला नाही. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांचा मला फार दिवस अभिमान होता, हे आधीच सांगून टाकते.

निवृत्तीनंतर मी घरात बसून दादाचं डोकं खाल्लं असतं, पण वहिनीने मला उचललं. वहिनी म्हणजे दादाची बायको, पूर्वी इस्पितळात नर्स होती. गल्लीत तिला सगळे मुकादम म्हणतात, कारण समोर दिसेल त्याला ती कामाला लावते. सीमेपलीकडच्या लढाईतून जीव वाचवून माणसं आमच्या शहरात येऊ लागली तेव्हा तिने चार मैत्रिणी जमवल्या आणि लाँड्रीच्या वरची मोठी खोली मागून घेतली. खाली यंत्रं सुरू झाली की आमच्या पायाखालची फरशी थरथरायची आणि खिडकीतून साबणाची वाफ आत यायची. खोलीत चार टेबलं. एक कपड्यांचं, तिथे लोक दयाबुद्धीने जरीचे झगे आणि एका पायाचे बूट आणून टाकायचे. एक औषधांचं, ते वहिनीचं. एक मोबाइल चार्ज करायचं, सगळ्यांत गर्दीचं. आणि चौथं फॉर्म भरायचं. ते माझं.

"वन्सं, तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे," वहिनी म्हणाली, "आणि सरकारी कागद तुम्हाला घाबरतो."

दादाला हे पटत नसे. पेपर उघडून तो म्हणायचा, "आपल्याच माणसांना पुरत नाही, आणि या दोघी जगाचा संसार करायला निघाल्यात." येत्या निवडणुकीत मत 'आधी घरचे' म्हणणाऱ्या पक्षालाच देणार, हे त्याने स्वतःच आम्हाला सांगितलं. आणि त्याच हिवाळ्यात स्वतःचा जाड कोट कपड्यांच्या टेबलावर गुपचूप ठेवून गेला. अशा माणसाशी भांडायचं तरी कुठून?

दुभाष्याचं काम एक न्हावी करी. तो त्याच मुलखातला, तीन वर्षांपूर्वी बायको आणि तीन पोरांसकट आलेला. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की दुकानातून निघून तो वर यायचा. बाह्यांना केस चिकटलेले असायचे. त्याच्या घरच्या पाचही जणांचा अर्ज मीच भरला होता.

जानेवारीतल्या एका दुपारी ती मायलेकींची जोडी माझ्यासमोर येऊन बसली. आई चाळिशी ओलांडलेली, लहान चणीची, हात मात्र मोठे. लेक उंच, सगळीकडे टकामका बघणारी. मागे तीस-पस्तीस माणसांची रांग. दोन पोरं रडत होती आणि खाली यंत्रं जोरात होती.

"धंदा काय?" मी विचारलं.

न्हाव्याने विचारून सांगितलं, "सुईण आहे."

"देश का सोडला?"

बाई बराच वेळ बोलली. न्हाव्याने हळूहळू सगळं सांगितलं. तिच्या भागात शिपाई आले होते. सोळा पूर्ण झालेल्या मुलांना ते लढायला धरून नेत. आईबाप पोरांची वयं कमी सांगत, कुणी पोरगा तळघरात लपवून मुलीच आहेत म्हणत. कुठल्या घरात कधी मुलगा झाला हे चौदा गावांत एकाच माणसाला ठाऊक होतं. वीस वर्षांतलं एकेक बाळंतपण त्या सुईणीच्या डोक्यात होतं, दिवसासकट. शिपायांनी तिला समोर बसवलं आणि यादी सांग म्हणाले. ती म्हणाली, आठवत नाही. त्यांनी तिचं घर जाळलं आणि सांगितलं की पुन्हा येऊ, तोवर आठवून ठेव. त्याच पहाटे ती लेकीला घेऊन निघाली.

मी हे सगळं स्वच्छ अक्षरात लिहून काढलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू. आणि पुढच्याच पानावर मी ती गोष्ट केली.

"मुलीचं वय?"

"सतरा."

"जन्मतारीख?"

न्हाव्याने विचारलं. बाईने डोळे मिटले आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजायला लागली. त्यांचे महिने वेगळे, वर्ष वेगळ्या दिवशी सुरू होतं. ती तिच्या हिशोबातून आमच्या हिशोबात येत होती. तेवढ्यात मोबाइलच्या टेबलापाशी दोघांची जुंपली आणि वहिनीने न्हाव्याला हाक मारली. तो उठून गेला. रांगेतला एक म्हातारा माझ्या टेबलावर कागद आपटायला लागला. मी सुईणीच्या बोटांकडे पाहिलं आणि मनात म्हणाले, झालं, ही पण मामाचं वारणं सांगणार. सालातून अठरा वजा केले आणि एक जून लिहिलं.

पान उलटलं. तळाशी छापलेलं होतं: 'वरील मजकूर मला माझ्या भाषेत वाचून दाखवला असून तो खरा आहे.' वाचून दाखवायचा कुणी? न्हावी तिकडे भांडण सोडवत होता. बाई अजून मोजतच होती. मी तिच्या त्याच हातात पेन दिलं आणि सहीची जागा दाखवली. तिने माझ्याकडे पाहिलं, काहीतरी म्हणाली, मग सही केली. मी म्हटलं, "पुढे."

त्यानंतरचे सहा महिने माझ्या आयुष्यातले चांगले महिने होते. मायलेकींना स्टेशनमागच्या जुन्या वसतिगृहात एक खोली मिळाली आणि दोघी रोज आमच्याकडे मदतीला येऊ लागल्या. सुईण वहिनीच्या टेबलावर बसायची. पोटुशी बाई दारातून आत आली की तिच्या चालण्यावरूनच ती महिना ओळखायची, आणि वहिनी, जी कुणाला म्हणून मोठं म्हणत नाही, तिच्यापुढे गप्प बसायची. लेक माझ्यापाशी. कानावर पडलेला एक शब्द ती सोडत नसे, म्हणून मी तिचं नाव टिपकागद ठेवलं. पण भाषा शिकली ती माझ्या फॉर्मांवरून. तिचे पहिले शब्द 'अर्जदार', 'वरीलप्रमाणे' आणि 'लागू नाही'. एकदा वहिनीने तिला चहा हवा का विचारलं तर पोरगी गंभीरपणे म्हणाली, "लागू नाही." आम्ही पोट धरधरून हसलो. चहाचं काय झालं ते तिला कळेना. मग स्वतःही हसायला लागली आणि त्या दिवसापासून नको असलेल्या प्रत्येक गोष्टीला मुद्दाम तेच म्हणू लागली.

ती मला मावशी म्हणायची. चारशे जणांनी मला बाई म्हटलं होतं, मावशी कुणीच नाही. दुपारी तिला यायला उशीर झाला की माझं कशात लक्ष लागत नसे. दादा चिडवायचा, "आज तुझी लेक आली नाही वाटतं?" मी त्याच्यावर खेकसायची, पण मनातून बरं वाटायचं.

मे महिन्यात निवडणूक झाली आणि 'आधी घरचे'वाले निवडून आले. महिन्याभरात नवा नियम निघाला. पूर्वी एका कुटुंबाचा एक अर्ज असे, आणि अर्ज केला त्या दिवशीचं वय धरत. आता निकालाच्या दिवशी ज्याचे अठरा पूर्ण असतील त्याची फाइल वेगळी काढायची आणि त्याचं त्याने सिद्ध करायचं. मंत्र्यांनी टीव्हीवर सांगितलं की एकाच्या मागे दहा येतात, ही साखळी आम्ही तोडणार आहोत. दादाने आवाज बंद केला. वहिनी यादी काढून बसली, आपल्यापैकी कुणाकुणाला फटका बसेल म्हणून. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "टिपकागदाची काळजी नको, ती अजून सतराचीच आहे." फाइल उघडून बघायचं मला सुचलंसुद्धा नाही.

ऑगस्टमध्ये दोन पाकिटं आली. वहिनीने सुईणीचं पाकीट फोडलं आणि ओरडलीच. मंजूर! कायम राहायची परवानगी! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कपड्यांच्या टेबलावरच्या बाईंनी सुईणीला मिठी मारली. न्हावी चहा सांगायला खाली पळाला. त्या गडबडीत पोरीने स्वतःचं पाकीट स्वतः फोडलं. सरकारी भाषा तिला आमच्यापेक्षा चांगली कळत होती, माझ्याचकडे शिकली होती. तिने पत्र शेवटपर्यंत वाचलं, पुन्हा वरून वाचलं आणि माझ्याजवळ आली.

"मावशी, 'दिनांक एक जून रोजी अठरा वर्षे पूर्ण'. हे कोण?"

मी चष्मा लावला. तिची फाइल वेगळी काढली होती. तिला स्वतःला कुणी धमकी दिलेली नव्हती, धमकी आईला होती, सबब अर्ज फेटाळला होता. चौदा दिवसांत देश सोडायचा. पुढच्या महिन्याच्या तीन तारखेला सरकारी बस.

मी खुर्चीत बसले. "हे मी लिहिलं," म्हणाले. पण एवढ्या हळू, की पुन्हा म्हणावं लागलं.

न्हावी चहा घेऊन वर आला तो दारातच थांबला. पोरीने आईला सगळं सांगितलं. सुईणीने या वेळी बोटं मोजली नाहीत. तिने दिवस सांगितला. न्हाव्याने मोबाइलमध्ये घालून आमची तारीख काढली. एकोणीस डिसेंबर. ऑगस्टच काय, निम्मा डिसेंबर उलटेपर्यंत पोरगी सतराचीच राहणार होती. खरी तारीख लिहिली असती तर दोघींचं मिळून एकच पाकीट आलं असतं.

सुईण माझ्याकडे बघून दोन वाक्यं बोलली. न्हावी सांगेना. मी म्हटलं, "सांगा."

"ती म्हणते, मी मोजत होते. तुम्ही थांबला नाहीत."

तिने हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. जिला चौदा गावांतली बाळंतपणं तोंडपाठ होती, तिला स्वतःच्या लेकीचा दिवस माहीत नसेल असं मी धरून चालले होते. अडाणी दिसली म्हणून. दुसरं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्थलांतर कचेरी उघडायच्या आधी मी दारात उभी होते. तिथला साहेब तिशीतला, नीटनेटका. मला वाटलं होतं वसकन अंगावर येईल, पण त्याने उठून खुर्ची दिली. अशी माणसं जास्त अवघड. ओरडणाऱ्यावर निदान ओरडता तरी येतं.

मी सगळं सांगितलं. शाळा, एक जून, रांग, सगळं.

"बाई, दुरुस्ती होऊ शकते," तो म्हणाला. "तारीख तुम्ही मनाने घातली असं प्रतिज्ञापत्र द्या. मुलीला तपासणीला पाठवू, दात बघतील, हाडांचे फोटो काढतील. तोवर तिचं जाणं थांबेल."

मी पर्समधून पेन काढलं.

"थांबा. पूर्ण ऐकून घ्या." त्याने आवाज खाली आणला. "मदत करणाऱ्या संस्थेने खोटी माहिती भरल्याचं लेखी आलं, की नव्या नियमाने त्या संस्थेतून आलेला प्रत्येक अर्ज मला पुन्हा उघडावा लागतो. मंजूर झालेलेसुद्धा. ज्यांची तारीख खोटी निघेल ती माणसं नवा निकाल लागेपर्यंत शहराबाहेरच्या छावणीत राहतील. तुमच्याकडून किती अर्ज आलेत?"

"दोनशे अकरा."

"आणि तारखा मनाने घातलेले?"

मी पेनाचं टोपण लावलं. मला आकडा माहीत होता, आदल्या रात्री झोप लागेना तेव्हा मी मनात मोजला होता. त्रेसष्ट. त्याने संगणकात एक जून टाकलं असतं तर पडदा भरून गेला असता. मी भरलेल्या अर्जांमधली निम्मी मुलं एकाच दिवशी जन्मली होती, आणि आजवर कुणी ते पाहिलं नव्हतं एवढंच.

"तुम्ही मला काहीच सांगितलं नाहीत असं मी धरतो," साहेब म्हणाला. "विचार करा. अजून तेरा दिवस आहेत."

खोलीवर आले तेव्हा वहिनी, न्हावी आणि मायलेकी वाट बघत होत्या. इतर मंडळी अजून यायची होती. मी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "मी लिहून देणार आहे. चूक माझी आहे."

"वन्सं," वहिनी म्हणाली, "एका पोरीपायी त्रेसष्ट..." जन्मात पहिल्यांदा मुकादमाला काय करायचं ते सुचत नव्हतं. ती औषधांच्या बाटल्या उगाच इकडच्या तिकडे करू लागली.

मी न्हाव्याकडे पाहिलं. त्याची तिन्ही पोरं त्या त्रेसष्टांत होती. धाकटी तर याच शहरात बोलायला शिकली होती.

"मला विचारू नका बाई," तो म्हणाला. "मी बाप आहे. माझ्या तोंडून काय येईल याची मला खात्री नाही."

सुईणीने लेकीला विचारलं, काय चाललंय. न्हाव्याने नजर खाली घातली. पोरीने मात्र काहीही न लपवता आईला सगळं सांगितलं. मला त्यांची भाषा येत नाही, पण आकडा सांगताना तिने हाताची बोटं उघडली-मिटली ती मी पाहिली. सुईण ऐकत राहिली. मग सावकाश बोलली, आणि पोरीने आमच्या भाषेत सांगितलं.

"आई म्हणते, त्या शिपायांना पण यादीच पाहिजे होती. कुठलं मूल कधी झालं त्याची. तिथे दिली नाही, तर इथे कशी देऊ? आई म्हणते, नको."

न्हावी खिडकीशी जाऊन उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. आणि मी? मला सुटल्यासारखं वाटलं. एक क्षणभरच, पण वाटलं. त्याची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

मग सुईणीने पिशवीतून स्वतःचं मंजुरीचं पत्र काढून माझ्यासमोर ठेवलं. न्हाव्याला बोलावून तिने मला विचारलं, हे परत कसं करायचं? लेकीबरोबर त्याच बसने जायला कुठला कागद लागतो?

आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. तुला तिथे ओळखतात, तुला सोडणार नाहीत. वकील बघू, पेपरात देऊ. वहिनीने तिचे दोन्ही हात धरले. वकिलाकडे तर आम्ही गेलोही. तो म्हणाला, दाद मागता येते, पण बाहेर गेल्यावर, तिकडून. पेपरवाल्यांना त्या आठवड्यात दुसरंच काही मोठं होतं. दहा दिवस असेच गेले. दादा एकदा जेवताना म्हणाला, "त्या पोरीला काही दिवस आपल्या माडीवर ठेवलं तर?" वहिनी म्हणाली, "आणि मग? जन्मभर?" तो पानावरून तसाच उठला.

परवानगी मागे घेण्याचा अर्ज भरायचा होता त्या दिवशी पोरगी सगळ्यांच्या आधी आली. मी कुलूप काढत होते. आत आल्यावर तिने दार लावून घेतलं.

"मावशी, आईचा अर्ज चुकवा."

"म्हणजे?"

"फाइलचा नंबर. एक आकडा चुकवा. चुकला की अर्ज परत येतो, तीन आठवडे लागतात. तुम्हीच सगळ्यांना सांगता. तोवर मी गेलेली असेन." ती भराभर बोलत होती, पाठ करून आली असावी. "मला तिथे कोणी ओळखत नाही. मी यादीतली नाही, मला काही माहीत नाही. आईला सगळे ओळखतात. ती गेली की तिला बसवतील आणि विचारतील. ती सांगणार नाही. मग काय करतील तुम्हाला माहीत आहे."

"अगं पण तू एकटी..."

"मावशी, माझ्या वेळी चूक केलीत ना?" ती म्हणाली. तिच्या तोंडावर राग नव्हता, नुसती विनवणी होती. "आता आईसाठी एक करा. कुणाला कळणार नाही."

मी तिला जवळ घेतलं. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच होती, माझं डोकं तिच्या खांद्यापाशी आलं. मी तिला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. जिन्यावर पावलं वाजली आणि ती बाजूला झाली.

सुईण समोर येऊन बसली. जानेवारीत बसली होती तीच खुर्ची. मी त्या दिवशी रांग लावूच दिली नाही. न्हाव्याला शेजारी बसवलं आणि त्याला सांगितलं, काहीही झालं तरी उठायचं नाही. पोरगी भिंतीला टेकून माझ्या हाताकडे बघत उभी होती.

नाव लिहिलं. धंदा लिहिला. फाइल नंबर. सुईणीने पत्रावर बोट ठेवून एकेक आकडा दाखवला. सहा आकडे, शेवटचा सात. सातच्या जागी मी एक काढला असता तर ब्रह्मदेवाला कळलं नसतं. माझं पेन तिथे थांबलं. पोरीचा श्वास मला ऐकू येत होता.

मी पेन खाली ठेवलं आणि न्हाव्याला म्हणाले, "हिला विचारा. पुन्हा एकदा विचारा. नक्की जायचंय का? ही इथे राहिली तर जिवंत राहील. मुलगी एकटी गेली तरी कदाचित निभावेल."

न्हाव्याने विचारलं. ती लगेच बोलली नाही. मी थांबले. खालची यंत्रं एकदा थांबून पुन्हा सुरू झाली, तरी मी थांबले. ती लेकीकडे बघत होती आणि मला वाटतं तिला सगळं समजलं होतं, पोरगी तिथे का उभी आहे तेसुद्धा. शेवटी ती बोलली.

"ती म्हणते," न्हावी म्हणाला, "सतरा वर्षांची मुलगी त्या रस्त्याने एकटी गेल्यावर मी इथे कशाने जिवंत राहू? ती म्हणते, लिहा. आणि नीट लिहा."

पोरगी म्हणाली, "मावशी."

मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर माझ्याच्याने झालं नसतं. एकदा मी या बाईच्या मनातलं तिच्या आधीच ठरवून मोकळी झाले होते. पुन्हा तेच करायचं, तिच्या भल्यासाठी का होईना, ते माझ्या हातून होईना. मी बरोबर केलं की चूक, हे आजही कुणी विचारलं तर मला सांगता यायचं नाही. मी सात लिहिला. खाली मुलीची जन्मतारीख विचारली होती, तिथे फाइलशी जुळायला हवी म्हणून एक जूनच लिहावी लागली. मग पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळा अर्ज न्हाव्याकडून तिला वाचून दाखवला. तिने प्रत्येक ओळीला मान हलवली आणि सही केली.

अर्ज मीच घेऊन गेले. त्या दोघी कचेरीबाहेरच्या बाकावर बसल्या, मध्ये वहिनी. आत तोच साहेब होता. त्याने अर्ज वाचला, संगणकात नंबर टाकला, फाइल उघडली. मला वाटत होतं, निदान हा तरी काहीतरी काढेल. शिक्का अस्पष्ट आहे म्हणेल, दोन प्रती आणा म्हणेल, मोठ्या साहेबांची सही नाही, सोमवारी या. एकतीस वर्षं मी या असल्या गोष्टींना शिव्या घातल्या होत्या. त्या दिवशी मी देवाला त्याच मागत होते.

त्याने पानं उलटून पाहिली. सगळं जागच्या जागी होतं. दहा मिनिटांत त्याने तीन शिक्के मारले, बसची दोन तिकिटं अर्जाला टाचून माझ्या हातात दिली आणि खरोखर मनापासून म्हणाला, "सगळे असे अर्ज भरून आणतील तर आमचं काम किती सोपं होईल, बाई."

"थँक यू, साहेब," मी म्हणाले. तोंडाला सवय.

बाहेर आले. सुईण उठून उभी राहिली. पोरगी बसूनच होती. तिने कागदाकडे पाहिलं नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिला कळलं.